घरी बांधलेल्या ट्यूब ॲम्प्लिफायरमधील गुणगुण: शोध कुठवर आला

सिग्नल वाढवणाऱ्या दोन १२एएक्स७ ट्यूब आणि शेवटी पुश-पुल जोडणीतल्या (आळीपाळीने उलट दिशांनी काम करणाऱ्या) दोन ईएल८४ पॉवर ट्यूब असा हा साधाच गिटार ॲम्प्लिफायर आहे. स्वर चांगला निघतो, पण गिटार जोडलेली नसतानाही स्पीकर गुणगुणत असे. अशा वेळी अंदाजाने कपॅसिटर बदलत सुटण्याआधी त्या गुणगुणीचा स्वर ओळखावा, असे माझे मत आहे. वीज ५० हर्ट्झची असेल, तर ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या तारांतून शिरणारी गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्झची, खोल आणि मऊ असते. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर पुरवठ्यात उरलेला तरंग (व्होल्टेजचा चढउतार) १०० हर्ट्झचा असतो आणि तो कानाला अधिक खरखरीत लागतो. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ९८ हर्ट्झचा असल्यामुळे ताडून पाहायला वेगळे उपकरणही लागत नाही. (६० हर्ट्झच्या विजेवर पाचव्या तारेचा दुसरा पडदा जवळचा.)

माझ्याकडे दोन्ही स्वर होते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही १०० हर्ट्झचा आवाज तसाच राही आणि फेज इन्व्हर्टरची (शेवटच्या दोन ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याची) ट्यूब काढल्यावरही तो जाईना, म्हणजे दोष शेवटच्या टप्प्यात होता. पुश-पुलमध्ये पुरवठ्यातील तरंग दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये रद्द होतो, मात्र त्यासाठी दोन्ही ट्यूबमधून सारखा प्रवाह वाहावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या गुंडाळीच्या) दोन्ही अर्ध्या भागांवरचा व्होल्टेज मोजून त्याला त्या त्या भागाच्या रोधाने भागले, तेव्हा प्रवाहांतली तफावत उघड झाली. जुळवलेली जोडी बसवताच हा आवाज बराच ओसरला. (चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, उघडण्यापूर्वी प्लग काढून, पुरवठ्यातला तरंग गाळणारे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमार्फत रिकामे करून मीटरने खात्री करावी, वीज बंद केल्यानंतरही त्यांत प्राणघातक व्होल्टेज राहू शकतो.)

उरलेली खरखर व्हॉल्यूमबरोबर वाढत असे आणि तिचे मूळ ग्राउंडच्या जोडणीत निघाले. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला चार्ज करणारा प्रवाह अखंड वाहत नाही, तो तीव्र ठोक्यांनी येतो. आणि ते ठोके ज्या तारेतून परतत होते, त्याच तारेवर पहिल्या ट्यूबचा कॅथोडही (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) टेकलेला होता. आता त्या कपॅसिटरचे ऋण टोक थेट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जोडले आहे, इनपुट जॅक चासीपासून विलग केला आहे आणि सिग्नलचे ग्राउंड जॅकजवळ एकाच ठिकाणी चासीला मिळते. सुरक्षेची अर्थ तार मात्र स्वतंत्र बोल्टवर आहे. आवाज घटवण्यासाठी ती कापण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो सरळसरळ धोकादायक आहे.

५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी हीटरच्या तारा घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून नेल्या, ६.३ व्होल्टच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर घेऊन त्यांचा मध्यबिंदू तयार केला आणि तो ग्राउंडऐवजी सुमारे ४० व्होल्ट डीसीवर ठेवला. हीटर कॅथोडपेक्षा धन राहिल्यामुळे त्याच्याकडून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन झिरपणे थांबते.

आता उरली आहे ती सरसर. पहिल्या टप्प्यातला १०० किलोओहमचा कार्बन कॉम्पोझिशन प्लेट रेझिस्टर (ट्यूबच्या प्लेटला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला, जोडलेला) काढून मेटल फिल्म बसवल्यावर ती कमी झाली, कारण डीसी व्होल्टेजखाली कार्बन कॉम्पोझिशन अधिक गोंगाट करतो. ६८ किलोओहमच्या ग्रिड स्टॉपरचा (ट्यूबच्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाकडे, जाणाऱ्या मार्गातल्या रेझिस्टरचा) उष्णताजन्य आवाज अजून आहेच. हा रेझिस्टर १० किलोओहमवर आणला तर सरसर घटेल, पण रेडिओचे सिग्नल आत शिरण्याची शक्यता वाढेल. म्हणून तो बदलताना रेझिस्टर ट्यूबच्या सॉकेटवरच सोल्डर करून पाहणार आहे.