पाचोळा संपला तेव्हा : सोसायटीच्या खताची अकराव्या महिन्याची नोंद

काल सकाळी दोन नंबरचा हौद उपसला. वरचा वीतभर कोरडा थर बाजूला केला आणि खालचं खत हातात घेतलं. काळपट तपकिरी, भुसभुशीत, अंगण शिंपडल्यावर येतो तसा वास. सप्टेंबरात याच हौदाशी नाकाला रुमाल लावून उभी होते, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे. पावसाळ्यात ज्यांचे हौद बिघडले त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची ४२ घरांची सोसायटी आहे. फेब्रुवारीपासून आमचा ओला कचरा गेटबाहेर गेलेला नाही. रोज सरासरी ३३ किलो भरतो. मी ताणकाट्यावर वजन करून वहीत लिहिते आणि त्या वहीतली बेरीज आता १० टनांच्या पुढे गेली आहे. विटांचे चार हौद आहेत. प्रत्येक साधारण एक घनमीटरचा, भिंतींत एकाआड एक वीट सोडून हवेला वाट ठेवलेली. एक हौद भरायला तीन आठवडे लागतात. चौथा भरेपर्यंत पहिल्यातलं पिकून चाळायला आलेलं असतं.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी आणि रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं म्हटलं होतं. आम्ही या दोन्हींत बसत नव्हतो. तरी हे केलं, कारण मी फुरसुंगीचा डेपो पाहिला आहे. कित्येक वर्षं पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोक रस्त्यावर बसले, गाड्या अडवल्या. आपल्या घरातली भाजीची देठं दुसऱ्याच्या गावच्या विहिरीत उतरतात, हे एकदा कळल्यावर माझ्याच्याने ती बादली गेटबाहेर ठेववेना. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथे ओला कचरा कुजतो आणि मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवणारा वायू आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचा डेपो दिवसच्या दिवस जळत होता, त्या आगीलाही असाच वायू खतपाणी घालतो.

आता मुद्द्याचं. हौद बिघडला तो पाचोळा संपल्यामुळे.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणीच ७०-८० टक्के असतं. त्यातलं कर्ब-नत्र (कार्बन आणि नायट्रोजन यांचं) गुणोत्तर साधारण १५ ते २० आणि जिवाणूंना हवं असतं २५ ते ३०. मधली तूट वाळलेल्या पानांनी भरायची. आमचं प्रमाण एक बादली ओला, एक बादली चुरलेला पाचोळा. दाबून भरलेलं एक पोतं दोन दिवस पुरतं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आम्ही ८२ पोती भरून जिन्याखाली रचली होती आणि दिवाळीपर्यंत पुरतील असा माझा अंदाज होता. पण यंदा पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच उतरला. हवा दमट, कचरा जास्त ओला, त्यामुळे एका बादलीला दीड बादली पाचोळा जाऊ लागला. शेवटचं पोतं गणपतीच्या आदल्या दिवशी फोडलं. आणि पुढच्या दहा दिवसांत निर्माल्य, केळीची पानं, नारळाचा चव, घरोघरी पाहुणे. ताणकाटा रोज ५० च्या वर जाऊ लागला.

तेव्हा काय काय घालून पाहिलं ते सांगते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) पाणी छान शोषतं, पण महाग आहे आणि त्यातला बराचसा कर्ब लिग्निनचा, सहज न कुजणारा. त्यामुळे हौद कोरडा झाला तरी तापला नाही (जिवाणू जोरात कामाला लागले की हौद आपोआप तापतो). मग लाकडाचा भुसा. पहिलं पोतं फर्निचरच्या कामावरून आणलं होतं. ते उघडल्यावर उग्र वास आला. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा होता, त्यात फॉर्मल्डिहाइडचं डिंक असतं. ते पोतं तसंच परत केलं. कृपया कोणीही असला भुसा खतात घालू नका. नंतर लाकडाच्या वखारीतून सागाचा आणला. त्याचं गुणोत्तर तीनशेच्या पुढे, म्हणजे मूठ-दोन मुठी पुरतात. मी बादलीभर घातला. भुसा भिजून दडपला आणि खाली हवाच जाईना.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थर्मामीटरची कांडी आत खुपसली तर ३६ अंश. आदल्या महिन्यात तीच कांडी ६० दाखवत होती. दोन दिवसांनी कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि तळातून काळं पाणी पाझरलं. तळमजल्यावरच्या काकांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "अगं, तुझं काम चांगलं आहे, पण आम्हाला खिडकी उघडता येत नाही." त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. मला रात्री झोप लागली नाही.

वासावरून निदान होतं, ते इथे लिहून ठेवते. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास असेल तर अमोनिया उडतो आहे, म्हणजे नत्र जास्त, पाचोळा वाढवा. कुजक्या अंड्याचा असेल तर आत हवा नाही. तिथे नुसता पाचोळा पसरून भागत नाही, सगळं उलथावं लागतं.

आमच्याकडे खताचं काम बघणाऱ्या ताई आधी कचरा वेचायच्या, आता 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या सभासद आहेत. त्या माझ्याआधी ओळखतात. हौदातलं मूठभर घेऊन दाबतात. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. त्या दिवशी धारच लागली. म्हणाल्या, "काकू, हे शिजलं नाही, हे आंबलंय. सगळं बाहेर काढा." आम्ही चौघांनी तीन तास खपून पूर्ण हौद ताडपत्रीवर ओतला. तळाला वीतभर काटक्यांचा थर दिला, ताईंनी त्यांच्या वस्तीजवळच्या मैदानातून आणलेली सहा पोती पानं मिसळली, वर जुन्या खताची दोन घमेली विरजण म्हणून टाकली आणि पत्र्याचं छप्पर दोन फूट पुढे ओढलं. पाचव्या दिवशी ६१ अंश. कांडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर वाफ धरली होती. ताईंनी ती हातात घेऊन बघितली आणि हसल्या.

त्याच काळात अळ्या दिसल्या म्हणून दोन घरांनी तक्रार केली होती. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ती माशी ना चावते, ना आपल्या ताटावर घोंगावते. अळ्या मात्र ओला कचरा झपाट्याने संपवतात. त्या माजल्या की हौद जास्त ओला झालाय असं समजावं. कोरडं केलं की आपोआप कमी होतात.

या महिन्यात, ८ डिसेंबर २०२५ला, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव गेले. ताई त्यांचं अंत्यदर्शन घेऊन आल्या आणि दिवसभर फारसं बोलल्या नाहीत. बाबांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. आमचा ओला कचरा वेगळा होऊ लागल्यापासून ताईंना मिळणारा कागद आणि पुठ्ठा कोरडा असतो आणि त्याला भंगारात पूर्ण भाव येतो. भिजलेल्या पुठ्ठ्याला निम्माही येत नसे. आपण बादली वेगळी ठेवतो तेव्हा त्या मिनिटभराचे पैसे कोणाच्या हातात पडतात, हे मला ताईंमुळे कळलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची 'स्वच्छ'ची पद्धत आता आमच्या ४२ पैकी ३९ घरांत पाळली जाते. उरलेल्या तिघांकडे मी पुन्हा जाणार आहे.

खत तपासून घेतलं. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात जे निकष आहेत, त्यांत सामू (पीएच) ६.५ ते ७.५, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा. हे तिन्ही आमचं खत पार करतं. क्षारतेत मात्र अडकलं. मर्यादा ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर आहे, आमची ४.६ आली. कारण उघड आहे : लोणच्याचा खार, उरलेल्या आमट्या, फरसाण. डिसेंबरपासून शिजवलेलं खारट अन्न निथळून घ्यायला सांगितलं आहे आणि कुंडीत भरताना एक वाटा खत, तीन वाटे माती असं करतो. गच्चीवर वाफे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मेथी-पालकाच्या रोपांची टोकं करपली तर कीड शोधण्याआधी क्षार तपासा.

चाळताना एक गोष्ट दर वेळी खुपते. सफरचंद-किवीवरचे छोटे स्टिकर. तीन महिने हौदात राहूनही कोरे करकरीत, वरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. काल एका चाळणीत सतरा मोजले. आणि हारांचा नायलॉनचा दोरा, तो फावड्याला गुंडाळला की सोडवता सुटत नाही. जिन्यात सूचना लावली आहे : साल टाकण्याआधी स्टिकर काढा.

खत करण्याच्या ज्या पद्धतीला आपण सगळे इंदूर पद्धत म्हणतो, ती ज्यांनी बसवली त्यांत ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड होते. दोघांनी मिळून १९३१ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. हॉवर्डचं नाव सगळीकडे येतं, वाडांचं क्वचितच. थर देणं, ठरलेल्या वेळी उलथणं, तीन महिन्यांत खत हातात येणं, हे सगळं तेव्हाच त्यांनी नीट मांडून ठेवलं होतं. त्याच इंदुरात २०२२ साली रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याचा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण कचरा तिथे घराच्या दारातच वेगळा होतो.

पुढच्या वर्षासाठी माझं सगळं लक्ष पाचोळ्यावर आहे. धोरणात ओल्या-सुक्याची चर्चा भरपूर होते, पण शहराच्या ओल्या कचऱ्याला लागणारा कर्ब त्याच शहराच्या रस्त्यावर दर शिशिरात पडतो आणि बराचसा जाळला जातो. २०१६च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला. तरी थंडीतल्या सकाळी धूर दिसतोच. शेजारच्या एका सोसायटीत माळीदादा कोपऱ्यात पानं पेटवत होते. मी दंडाचं काही बोलले नाही, रिकामी दहा पोती घेऊन गेले. ते म्हणाले, "न्या की, मला तरी जाळायची हौस आहे का? कोण उचलतच नाही." आता दर शनिवारी ते पोती भरून ठेवतात. पुण्यात ब्राऊन लीफची मंडळी पानं असणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून देतात, त्यांच्याकडूनही पुष्कळ शिकले.

वर्षाला १८० पोती लागतील असा नवा हिशेब आहे. त्यातली ६० पावसाळ्यासाठी वेगळी, प्लॅस्टिकच्या पिंपात झाकून. काल संध्याकाळपर्यंत १४ जमली. गुलमोहर आणि सोनमोहराची पानं बारीक असतात, तशीच टाकली तरी पंधरा दिवसांत विरघळतात. आंब्याची आणि देशी बदामाची जाड, मेणचट, ती एकावर एक चिकटून पाणी अडवतात. बदामाची मी सध्या पायाखाली तुडवून चुरते आहे, पण १८० पोत्यांना ते जमणार नाही. गवत कापायच्या मशीनने कोणी ती बारीक केली असतील तर पातं किती दिवस टिकलं ते नक्की कळवा. शनिवारी सकाळी सहाला पोती आणायची आहेत आणि त्यांत निम्मा बदामच असणार आहे.