नकाशात कोरडं, बांधीत पाणी

ऑगस्ट २०२० चे शेवटचे दिवस. वैनगंगा फुगली होती, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले होते आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर पसरत होता. आम्ही नागपुरात, संगणकासमोर. आभाळ गच्च भरलेलं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या उपग्रहांना खालचं काही दिसेना. सगळी भिस्त सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडारवर, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाणी त्या लहरी आरशासारख्या पलीकडे फेकतं, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही, म्हणून पूर काळा दिसतो. काळं ते पाणी, या नियमानं मी नकाशा केला आणि दुपारी पाठवला.

संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या एका तलाठ्यांचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, तुमच्या नकाशात आमचं शिवार कोरडं दाखवून राहिलं. इकडं बांध्यात मांडीइतकं पाणी आहे. धान अर्धं आत, अर्धं बाहेर."

मी दृश्य पुन्हा उघडलं. ते शिवार काळं नव्हतंच, उलट लख्ख पांढरं होतं. पुराआधीचं दृश्य शेजारी लावलं, तर त्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, तिथे करड्या होत्या. पोटात खड्डा पडला. लहर पाण्यावर आपटून धानाच्या ताठ खोडांवर जाते आणि तिथून सरळ उपग्रहाकडे परत येते. म्हणून पाणी शिरलेलं उभं पीक चमकतं. हे मी शिकले होते, पण समोर आल्यावर ओळखलं नाही.

चमकतं ते सगळं पूर, असंही म्हणता येत नाही. ओल्या मातीनंही चमक वाढते. म्हणून त्या तलाठ्यांकडे ठिकाणासह फोटो मागितले. एका फोटोत त्यांची काठी बांधीत रोवलेली होती, पाण्याच्या रेषेवर विळ्यानं खाच केलेली. त्या फोटोंशी ताडून फक्त धानाच्या क्षेत्रात 'उभ्या पिकात पाणी' असा वेगळा रंग भरला आणि रात्री साडेअकराला सुधारित नकाशा पाठवला. पथकं आधी कुठे जाणार ते त्या रंगांवरच ठरणार होतं. रात्रभर मला झोप लागली नाही.

३० जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोचा निसार हा रडार उपग्रह श्रीहरिकोटाहून झेपावला. त्याच्या एल-बँड रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची, सेंटिनेलची साडेपाचच्या आसपास; लांब लहर पिकात जास्त खोल शिरते. निसारच्या दृश्यांत मी पहिल्यांदा तेच शिवार शोधणार आहे.