स्पायडर-मॅन २ (२००४) : झोका कधी सोडायचा?

ट्रेयार्क कंपनीच्या या व्हिडिओ गेममध्ये झोका घेण्यासाठी सोडलेलं जाळं आभाळाला चिकटत नाही. खरी इमारत लागते. म्हणूनच मॅनहॅटनच्या उंच भागात झोके सुरेख जमतात, सेंट्रल पार्कवर मात्र वेग मरतो.

प्लेस्टेशन २ वर कंट्रोलरचं आर२ बटण दाबून धरा. झोका तळ ओलांडून वर चढू लागला, की दोर साधारण ४५ अंशांवर असताना सोडा. फार थांबलात तर उंची मिळते, पण पुढचा वेग संपतो आणि तुम्ही मागे झुलता. सोडताना उडी मारलीत तर आणखी उसळी मिळते. एकाच बाजूच्या इमारतीला सतत जाळं लावलं तर भिंतीवर आपटणं ठरलेलं. बाजू बदलत राहा.

पीसी आवृत्ती घेऊ नका. तो वेगळाच, सोपा केलेला गेम आहे आणि त्यात ही मजाच नाही.