ईएसपी३२ ला कार्बन डायऑक्साइड सेन्सर जोडताना

भिंतीवर आधीच ईएसपी३२ चा (वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा) डबा असेल, त्यात ईएसपीहोम (त्या बोर्डावरचं सॉफ्टवेअर) चालत असेल आणि तो होम असिस्टंटला (घरातली उपकरणं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) तापमान-आर्द्रता पाठवत असेल, तर कार्बन डायऑक्साइड मोजायला वेगळं उपकरण घेऊ नका. एक सेन्सर आणि चार तारा पुरतात. जोडणी अर्ध्या तासाची. आकडा खरा येणं मात्र अवघड, आणि नाशिकमध्ये तो हमखास दोन कारणांनी चुकतो: गावाची उंची आणि थंडीत बंद राहणाऱ्या खिडक्या.

आधी खरेदी. सीसीएस८११, एसजीपी३०, एमक्यू-१३५ ही मॉड्यूल्स स्वस्त म्हणून घेतली जातात, पण ती कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतले इतर वायू आणि वाफा ओळखून त्यावरून अंदाज बांधतात. फोडणी दिली किंवा उदबत्ती लावली की आकडा उड्या मारतो. सेन्सिरियनचा एससीडी४१ घ्या. एससीडी४० थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्या अचूकतेची हमी २,००० पीपीएमपर्यंतच (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग) आहे, एससीडी४१ ची ५,००० पर्यंत. २,००० पुरे नाहीत का? हिशेब करून बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. झोपलेलं मोठं माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. दोघांचे २५ लिटर धरले, तर पूर्ण बंदिस्त खोलीत तासाला ७०० पीपीएमपेक्षा जास्त वाढ. दाराखालच्या फटीतून थोडी हवा खेळते म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी पहाटेपर्यंत २,००० ओलांडणं अगदी शक्य आहे. स्प्लिट एसीने काही फरक पडत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो. एअर प्युरिफायरचंही तेच.

तारा, सोल्डर, अडॅप्टर गावात कुठेही मिळेल, सेन्सर बहुधा ऑनलाइन मागवावा लागेल. मॉड्यूलची व्हीडीडी पिन ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए (डेटा) ईएसपी३२ च्या जीपीआयओ २१ पिनला, एससीएल (क्लॉक) जीपीआयओ २२ पिनला. त्याच दोन तारांवर बीएमई२८० (तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर) किंवा ओलेड डिस्प्ले असला तरी चालतं, कारण एससीडी४१ चा पत्ता ०एक्स६२ आहे आणि तो त्यांच्याशी भिडत नाही. तारा वीतभरच ठेवा. सेन्सरला ५ व्होल्टही चालतात हे वाचून कुणी मॉड्यूल ५ व्होल्टवर लावतं. काही मॉड्यूल्सवर पुल-अप रेझिस्टर (डेटाच्या तारा वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) थेट त्या पुरवठ्याला जोडलेले असतात, मग डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ च्या पिना तेवढं सोसत नाहीत.

सगळ्यात जास्त डोकेदुखी वीजपुरवठ्याची. हा सेन्सर मोजमाप घेताना क्षणभर २०० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. त्याच क्षणी ईएसपी३२ चं वायफाय बोलत असेल, तर बोर्डावरच्या छोट्या रेग्युलेटरचा (५ चे ३.३ व्होल्ट करणाऱ्या भागाचा) व्होल्टेज खाली बसतो. मग कधी बोर्ड रीस्टार्ट होतो, तर कधी सगळं सुरळीत चालूनही आकडे ५०-१०० ने थरथरतात, आणि दोष सेन्सरवर जातो. उपाय स्वस्त आहे: सेन्सरच्या व्हीडीडी आणि ग्राउंडमध्ये अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि जुन्या फोनचा मिळेल तो चार्जर न वापरता ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या.

आता उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे इथला हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. सेन्सर मात्र मुळात शून्य मीटर धरून बसलेला असतो. ईएसपीहोममध्ये एससीडी४एक्स प्लॅटफॉर्मखाली ‘अल्टिट्यूड कॉम्पेन्सेशन’ला ६०० मीटर लिहा. पंचवटी आणि पाथर्डी फाटा यांच्या उंचीतल्या फरकाची चिंता नको, पन्नास मीटरला जेमतेम अर्धा टक्का पडतो. बीएमई२८० असेल तर त्याचा दाबच थेट सेन्सरला देता येतो, पण तो जागेवरचा खरा दाब हवा. हवामानाच्या बातम्यांशी जुळावा म्हणून तुम्ही तो समुद्रसपाटीला आणून ठेवला असेल, तर सगळं मुसळ केरात.

दुसरी चूक कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरचा आकडा माहीत असलेल्या हवेशी जुळवून घेण्याची. सेन्सरमध्ये स्वयंकॅलिब्रेशन सुरू असतं. आठवड्यातून एकदा तरी आपल्याला बाहेरची ताजी हवा मिळते, असं तो गृहीत धरतो आणि सर्वांत कमी दिसलेल्या आकड्याला ४०० समजतो. उन्हाळ्यात हे जमून जातं. डिसेंबर-जानेवारीत खोलीची खिडकी आठ-आठ दिवस उघडत नाही. खोलीतला नीचांक ६५० असेल, तर सेन्सर त्यालाच ४०० ठरवतो आणि सगळे आकडे अडीचशेने खाली येतात. खोली कोंदट, आणि स्क्रीनवर सगळं आलबेल. अशा खोलीसाठी स्वयंकॅलिब्रेशन बंद करा आणि हाताने करा.

त्यासाठी ईएसपीहोममध्ये फोर्स्ड कॅलिब्रेशनची कृती आहे, तिला होम असिस्टंटमध्ये एक बटण द्या. उपकरण पॉवर बँकेवर गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, सावलीत ठेवा. किमान तीन मिनिटं लागतात, पण पंधरा द्या. आपण स्वतः दूर उभं राहा, श्वासात जवळपास चार टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम असतात. आकडा स्थिरावला की ४२५ (बाहेरच्या ताज्या हवेचा आकडा) देऊन बटण दाबा. हे काम दुपारी करा. थंडीतल्या पहाटे हवा जमिनीलगत साचलेली असते, त्यात शेकोट्या आणि गाड्यांचा धूर, म्हणून तेव्हाचा बाहेरचा आकडाही ४२५ च्या बराच वर असू शकतो. वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. पुढे कधी ४०० च्या खाली आकडा दिसला, तर कॅलिब्रेशन बिघडलंय असं समजा.

डब्यात ईएसपी३२ वर आणि सेन्सर खाली, म्हणजे बोर्डाची उष्णता त्याच्यावर येत नाही. सेन्सरसमोर स्वतंत्र भोकं पाडा. त्याच्यावरच्या पांढऱ्या पापुद्र्याला बोट, गोंद, स्पिरिट काही लागू देऊ नका. तापमान दोन-तीन अंशांनी चुकलं तर ‘टेम्परेचर ऑफसेट’ बदला (मूळ ४ अंश असतो). त्याने आर्द्रताही सुधारते, कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र बदलत नाही. डबा उशीपासून आणि खिडकीपासून मीटरभर लांब, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला.

एक्झॉस्ट फॅन जोडायचा असेल तर १,००० ला सुरू आणि ७०० ला बंद, असं अंतर ठेवा, नाहीतर रिले रात्रभर टकटक करत राहील. आत यायला हवेला वाटही हवी, खिडकी दोन बोटं उघडी असली तरी भागतं. गॅस गिझर असलेल्या घरात बंद दारं-खिडक्यांमागे फॅन चालवू नका, गिझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. त्यातला जीवघेणा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि हा सेन्सर तो ओळखत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लावा.