एक वर्षाचा कोर्स, आणि नोकरीची शोधाशोध पहिल्या आठवड्यापासून

इंग्लंडमधला एमएससी मॅनेजमेंट एका वर्षात संपतो, हे निघण्यापूर्वी मी ज्याला त्याला कौतुकानं सांगत होते. दुसऱ्या वर्षाची फी वाचते, राहण्याचा खर्च वाचतो. त्यातली मेख २०२४ च्या सप्टेंबरात मँचेस्टरला पोचल्यावर कळली. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम्स, म्हणजे नव्या पदवीधरांना घेण्याच्या योजना, पुढच्या वर्षीच्या भरतीसाठी ऑगस्ट-सप्टेंबरातच उघडतात आणि त्यातल्या बऱ्याच नोव्हेंबरपर्यंत बंदही होतात. काही ठिकाणी तर जागा भरल्या की अंतिम तारखेची वाटसुद्धा बघत नाहीत. म्हणजे ज्या शिक्षणाच्या जोरावर नोकरी मागायची, त्याचं पहिलं लेक्चर नीट कळायच्या आत अर्ज करायचे.

अर्जानंतरचा रस्ता सगळीकडे साधारण सारखाच. आधी ऑनलाइन टेस्ट: तक्ते, आलेख, टक्केवारी, वेळ कमी. गणित अवघड नसतं, पण दिवसभर लेक्चर करून रात्री अकराला ती टेस्ट उघडली तर साधी टक्केवारीही दगा देते. मग रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत. समोर माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला थोडे सेकंद आणि उत्तराला एक-दोन मिनिटं. हा प्रकार मला शेवटपर्यंत आवडला नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं की आपण बोलणं सावरतो. इथे आपलाच चेहरा कोपऱ्यात दिसत राहतो. त्यासाठी लायब्ररीतली छोटी खोली आधीच राखून ठेवावी लागते, कारण ऑक्टोबरात सगळ्यांनाच ती हवी असते.

हे सगळं पार पडलं तर असेसमेंट सेंटर. अर्धा किंवा पूर्ण दिवस, केस स्टडी, सादरीकरण, मुलाखत आणि गटचर्चा. भारतात ग्रुप डिस्कशनची तयारी केलेल्यांना इथे थोडं विसरावं लागतं. आपल्याकडे आधी तोंड उघडणाऱ्याला महत्त्व. इथे निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपणं काढत असतात, आणि गप्प बसलेल्या एखादीला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारा, घड्याळाकडे लक्ष ठेवणारा, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणारा त्यांच्या नजरेत भरतो.

अभ्यास या काळात थांबलेला नसतोच. आमच्या कोर्सला एकूण १८० क्रेडिट, त्यातले ६० शेवटच्या डिझर्टेशनचे, म्हणजे प्रबंधाचे. उत्तीर्ण व्हायला ५०, मेरिटला ६०, डिस्टिंक्शनला ७०. ऐंशी-नव्वदची सवय असलेल्या माणसाला पहिल्या निबंधात ६२ पडले की पोटात गोळा येतो. इकडचे मित्र मात्र अभिनंदन करतात. ६२ चांगले आहेत हे पटलं तेव्हा माझे आठवड्यातले कितीतरी तास मोकळे झाले. मी ठरवून टाकलं की पहिल्या सत्रात मेरिट पुरे. हे आईला सांगितलं नाही, ही गोष्ट वेगळी.

ग्रुपवर्कचं मात्र तसं करता येत नाही, कारण तिथे आपल्या ढिलाईची किंमत दुसरे मोजतात. आमच्या गटात पाच जण, पाचही जण मुलाखती देणारे. पहिल्याच बैठकीत आम्ही एकमेकांच्या टेस्ट आणि मुलाखतींच्या तारखा एका तक्त्यात टाकल्या आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे केली. ज्याचं त्या आठवड्यात असेसमेंट सेंटर असेल त्याला फक्त संदर्भ तपासायचं काम. शिवाय याच गटातली भांडणं मुलाखतीत कामी आली. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न इथे हमखास येतो; परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमानं उत्तर द्यायचं. ताजं भांडण हाताशी असलं की कॉलेजच्या गॅदरिंगची जुनी गोष्ट उकरावी लागत नाही.

राहता राहिले मित्र. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, भारताशी अंतर साडेपाच तासांचं होतं, आणि डिसेंबरात मँचेस्टरला चारच्या आत सूर्य मावळतो. लायब्ररीतून बाहेर पडावं तर घरच्यांची झोपायची वेळ झालेली. सुरुवातीला मी रोजच्या वेळापत्रकात अभ्यास, अर्ज आणि मित्र असे तिन्ही रकाने भरायचे. त्यानं तिन्हींचा विचका व्हायचा: जेवायला जमलो तरी डोक्यात टेस्ट, आणि टेस्टच्या वेळी फोनवर सगळ्यांचे फोटो. मग मी दिवसाचा तोल सांभाळायचा नाद सोडला आणि महिन्यांची वाटणी केली. नोव्हेंबरअखेरपर्यंत अर्ज. डिसेंबर-जानेवारी परीक्षा. फेब्रुवारीनंतर माणसं. फ्लॅटमधल्या मुलींना हे आधीच सांगितलं, त्यामुळे मी आले नाही तर कोणी फुगलं नाही. फक्त गुरुवारचं एकत्र जेवण मी कुठल्याच महिन्यात सोडलं नाही, आणि त्या टेबलावर नोकरीचा विषय काढायचा नाही असा नियम आम्ही केला. नियम मोडायची सगळ्यात जास्त घाई मलाच असायची.

आमच्यासारख्यांच्या अर्जांना आणखी एक चाळणी आहे, ती म्हणजे व्हिसा. परदेशी माणसाला नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करू शकणाऱ्या परवानाधारक कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कंपनी त्या यादीत आहे म्हणजे त्या पदासाठी स्पॉन्सर करेलच असं नाही, पण यादीत नसेल तर पुढचा प्रश्नच मिटला. मी अर्ज भरण्यापूर्वी आधी ती यादी उघडायचे. त्यातच पगाराची अट. अशा स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नव्यानं कामाला लागणाऱ्यांची किमान पगाराची मर्यादा तेव्हा वर्षाला ३०,९६० पौंड होती, आणि त्या पदाच्या ठरलेल्या दराचे ७० टक्के त्याहून जास्त असतील तर ते.

मोठ्या स्कीम्समधून नकारच आले. ऑफर आली ती वसंतात, एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून, ज्यांची जाहिरात मार्चमध्ये निघाली होती. सगळी भरती हिवाळ्याआधीच संपते हे सप्टेंबरात आम्ही एकमेकांना सांगून घाबरवत होतो, ते निदान माझ्या बाबतीत खोटं ठरलं.

आता जरा निवांत डिझर्टेशन करू असं वाटलं, तोच १२ मे २०२५ ला सरकारची इमिग्रेशनवरची श्वेतपत्रिका आली. ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर स्पॉन्सरशिवाय काम करू देणारा दोन वर्षांचा व्हिसा, दीड वर्षावर आणायचा प्रस्ताव त्यात होता. आमचे सगळे ग्रुप त्या आठवड्यात अफवांनी भरून वाहत होते. पुढे स्पष्ट झालं की ही कपात १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना लागू होईल, म्हणजे आमची बॅच सुटली. पण २२ जुलैला पगाराची ती मर्यादा ३३,४०० पौंडांवर गेली. माझ्या ऑफरमधला पगार जुन्या आणि नव्या मर्यादेच्या मधला आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट नव्यानं कळली. मास्टर्सवाल्यांसाठी डिझर्टेशनचे महिने सुट्टीत धरत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावरची आठवड्याला २० तासांचीच कामाची मर्यादा तेव्हाही लागू राहते. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून पैसे साठवू, असा बेत अनेकांनी केलेला असतो. तो करू नये. २०२५ मध्ये ग्रॅज्युएट रूटच्या अर्जाला ८८० पौंड आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला १,०३५ प्रमाणे दोन वर्षांचे २,०७०, असे एकूण २,९५० पौंड एकदम भरावे लागत होते. ती तजवीज वर्षभर थोडी थोडी केलेली बरी. आणि निकाल लागून विद्यापीठानं गृहखात्याला कळवल्याशिवाय हा अर्ज करताच येत नाही, म्हणून रुजू व्हायची तारीख मी कंपनीकडून निकालानंतरची मागून घेतली. त्यांनी ती लगेच दिली. पगाराचं बोलणं अजून व्हायचं आहे, आणि ते व्हिसाची दोन वर्षं संपायच्या बरंच आधी व्हायला हवं.