सही, परतीचं पाकीट आणि १९५६ ची कार्डं

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनला उन्हाळा लागला की शनिवारी सकाळी लोक गॅरेजमधलं जुनं सामान घरापुढे मांडून विकायला बसतात. २०११ च्या जूनमध्ये अशाच एका घरापुढे मला बुटांच्या खोक्यात बेसबॉलची जुनी कार्डं मिळाली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, मुलांच्या बेसबॉलच्या लिटल लीगमध्ये खेळायचा, त्याच्यासाठी म्हणून घेतली. वीस डॉलरला साठेक कार्डं. कोपरे झिजलेले, दोन-तीन कार्डांच्या पाठीवर तपकिरी डाग. टॉप्स कंपनी तेव्हा कार्डं च्युइंगमच्या पुड्यात घालून विकायची, त्या गमचे ते डाग.

त्यातली बावीस कार्डं १९५६ सालची निघाली. आडवं कार्ड, एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा, मागे तोच खेळाडू धावताना किंवा झेल घेताना, आणि चित्रावर त्याची छापील सही. मुलानं एक कार्ड डोळ्यांजवळ धरून विचारलं, "बाबा, ही खरी सही आहे?"

"नाही रे, छापलेली आहे."

"मग खरी कुठे मिळते?"

मला एकदम माझ्या वडिलांची, अण्णांची, सह्यांची वही आठवली. गुलाबी, पिवळ्या, फिक्या हिरव्या पानांची ती छोटी वही आमच्या डोंबिवलीच्या घरात देवघराच्या वरच्या फळीवर असायची. अण्णा कॉलेजात असताना कसोटीच्या वेळी ब्रेबॉर्न स्टेडियमच्या फाटकाशी तासन् तास उभे राहायचे. त्या वहीत गुलाबी पानावर पॉली उमरीगरांची सही आहे. सही कशी मागावी याचे अण्णांचे नियम होते. पेन आपलं, टोपण काढलेलं, निबकडची बाजू आपल्याकडे. वही उघडून पान समोर धरायचं. एकच सही मागायची, आणि मिळाली की आभार मानून बाजूला व्हायचं, मागच्याची वाट अडवायची नाही. बेसबॉलच्या सह्या गोळा करायला लागलो तेव्हा कळलं की सगळ्या शिस्तीचं सार एवढंच आहे. बाकीचं टपाल आणि शाई.

अमेरिकेत खेळाडूला टपालानं कार्ड पाठवून सही मागवण्याची पद्धत फार जुनी आहे. आत एक कार्ड, एक पत्र आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. खेळाडूला फक्त सही करून पाकीट बंद करायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण माझी पहिली पाच पत्रं वाया गेली, आणि त्यात चूक माझीच होती. मी संगणकावर एकच मजकूर टाइप करून वर फक्त नाव बदलत होतो. असं पत्र ऐंशी वर्षांच्या माणसाला लगेच ओळखू येतं.

सहावं पत्र मी हातानं लिहिलं, कार्ल अर्स्किन यांना. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे पिचर, म्हणजे गोलंदाज, राहायला इंडियाना राज्यातल्या अँडरसन गावी. लिहिण्याआधी मी चार संध्याकाळी त्यांच्याबद्दल वाचत बसलो. १९५३ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात त्यांनी न्यूयॉर्क यांकीज संघाचे १४ बळी स्ट्राइकआउटनं घेतले होते, तो तेव्हाचा विक्रम होता. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्यांच्या धाकट्या मुलाला, जिमीला, डाउन सिंड्रोम होता. अशा मुलांना तेव्हा सर्रास संस्थेत ठेवत. अर्स्किन पतिपत्नींनी त्याला घरी वाढवलं आणि पुढे स्पेशल ऑलिम्पिक्ससाठी वर्षानुवर्षं काम केलं. माझ्या मावसभावालाही तेच आहे. मी पत्रात त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्या १४ बळींबद्दल एक ओळ, आणि शेवटी सहीची विनंती.

अकरा दिवसांनी पाकीट परत आलं. आपल्याच अक्षरातला आपलाच पत्ता टपालपेटीत दिसला की छातीत काय होतं, ते हा छंद केलेल्यालाच कळेल. निळ्या शाईत, ठसठशीत, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी सही. खाली छापलेली सही १९५६ ची, एकोणतीस वर्षांच्या पिचरची. वरची पंच्याऐंशीच्या माणसाची. 'सी'चं वळण तेच, फक्त रेघ जरा हलली होती. मी ते कार्ड कितीतरी वेळ दिव्याखाली धरून बसलो होतो. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

तेव्हाच ठरवलं की १९५६ चाच संच धरायचा. ३४० कार्डं आहेत, आणि तो पूर्ण सह्यांनिशी कधीच होणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जॅकी रॉबिन्सन, गिल हॉजेस आणि रोबर्टो क्लेमेंटे, तिघंही १९७२ साली गेले. टेड विल्यम्स २००२ साली. ती कार्डं माझ्याकडे कोरी आहेत, कोरीच राहतील. आधीच सही केलेलं कार्ड विकत घेता येतं, पण मला ते नको होतं. एक तर पैसा फार लागतो, आणि दुसरं म्हणजे खोट्या सह्या. नव्वदच्या दशकात एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्या करणाऱ्या टोळ्या पकडल्या होत्या, इतका तो धंदा फोफावला होता. टपालानं मागवलं म्हणजे खात्री असं नाही, तिथेही कधी घरच्या कुणी केलेली सही येते, कधी रबरी शिक्का. पण तेवढं भिंगाखाली समजतं. बॉलपेननं कागदात बारीक चर पडतो, हात उचलतो तिथे रेघ निमुळती होते. शिक्क्याची शाई सगळीकडे सारखी बसते आणि कडेला जाड होते.

सहीसाठी कार्ड कुठलं निवडायचं यावर छंदातल्या लोकांचे कडाक्याचे वाद होतात. एका प्रदर्शनात एका विक्रेत्यानं मला स्पष्ट सांगितलं की कोऱ्या, कडक कोपऱ्यांच्या कार्डावर सही घेणं म्हणजे त्याची किंमत घालवणं. मी झिजलेलीच कार्डं घेतो, पाच-सात डॉलरला मिळणारी, एखाद्या पोरानं खिशात घालून फिरवलेली. माझ्या मते सहीला तीच शोभतात. शिवाय त्या काळच्या पुठ्ठ्यावर चकाकीचा थर नसतो, शाई नीट मुरते. आजच्या गुळगुळीत कार्डांवर शाई टिकावी म्हणून आधी बेबी पावडर चोळून घ्यावी लागते. इथे ती कटकट नाही. फक्त चित्रातला उजळ भाग बघावा लागतो. प्रेक्षकांच्या गडद स्टँडवर किंवा निळ्या टोपीवर केलेली निळी सही हरवून जाते. म्हणून मी पत्रात नम्रपणे लिहितो की आकाशाच्या जागी केलीत तर बरं. बहुतेक जण ऐकतात.

माझ्या चुका सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या होणार नाहीत. १९५६ पर्यंतची टॉप्सची कार्डं २⅝ बाय ३¾ इंचांची होती, १९५७ पासून २½ बाय ३½ झाली. बाजारातली साधी प्लास्टिकची पाकिटं या दुसऱ्या मापाची. मी जुनं कार्ड त्यात रेटून बसवलं आणि कोपरा दुमडला. जुन्या कार्डांसाठी मोठ्या मापाची वेगळी पाकिटं मिळतात. दुसरी चूक, कार्ड प्लास्टिकमध्येच पाठवत होतो. एका खेळाडूनं ते बाहेर काढून सही केली आणि ओली असतानाच परत आत सरकवली. सही पुसट होऊन पार आडनावापर्यंत ओढली गेली. आता मी कार्ड साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवतो आणि दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा. पुठ्ठा घातला की पाकीट ताठ होतं, यंत्रातून जात नाही, त्याला जादा तिकीट लागतं. ते दोन्ही पाकिटांवर लावायचं. एकदा ते वाचवायला गेलो तर वाटेत कुठेतरी कार्डाची मधोमध घडी पडून आली. परतीच्या पाकिटावर मी 'फॉरेव्हर' तिकिटं लावतो, दर वाढला तरी ती चालतात. माझं एक उत्तर चौदा महिन्यांनी आलं आहे.

कुणी कुणी सहीमागे पाच-दहा डॉलर मागतात, ते एखाद्या संस्थेला देतात. मला ते खटकत नाही. गांधीजी हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घेत, हे अण्णांनी मला लहानपणीच सांगितलं होतं.

पिट्सबर्गचे रॉय फेस यांची सही २०१३ साली आली. १९५९ मध्ये १८ विजय आणि फक्त एक हार, तीही मागाहून येऊन सामना सांभाळणाऱ्या पिचरची, आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस सुतारकाम करायचा. बॉबी शँट्झ यांची २०१६ ला. ५ फूट ६ इंच उंचीचा हा पिचर १९५२ साली २४ सामने जिंकून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. माझ्या कार्डावर ते कॅन्सस सिटीच्या टोपीत आहेत. या पिढीची सही वाचता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. मिनेसोटाचे जुने फलंदाज हार्मन किलब्रू तर तिथल्या तरुण खेळाडूंना सही नीट, वाचता येईल अशी करा म्हणून सांगायचे, आणि टोरी हंटर, मायकल कडायर यांनी ते मनावर घेतलं. किलब्रूंना पत्र लिहायचं राहूनच गेलं; मला ते खोकं मिळालं त्याच्या महिनाभर आधीच, मे २०११ मध्ये, ते गेले होते.

समोरासमोर सही घ्यायचा अनुभव निराळा. जुलैच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेमचा समारंभ असतो. गाव एवढंसं, तळ्याकाठचं, पण त्या दोन-तीन दिवसांत मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. दुकानांपुढे टेबलं टाकून जुने खेळाडू सह्या करत बसतात, तिकीट काढून रांगेत उभं राहायचं. २०१४ ला मुलगा आणि मी पहाटे चारला निघालो. एका टेबलाशी पंचाऐंशीच्या घरातले एक कॅचर, म्हणजे बेसबॉलचे यष्टिरक्षक, बसले होते. ते आता नाहीत आणि घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव घालत नाही. त्यांच्यापुढे रांगच नव्हती. शेजारच्या टेबलापुढे दीडशे माणसं, इथे आम्ही दोघं.

मुलानं न सांगता पेनाचं टोपण काढलं, टोक स्वतःकडे करून पेन पुढे धरलं. मी बघतच राहिलो. अण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

कॅचरांचा उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. बॅटला निसटता लागलेला चेंडू कॅचरच्या उघड्या हातावर आदळतो, वर्षानुवर्षं. तर्जनी मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेली, करंगळी सरळ होत नव्हती, अंगठ्याची गाठ सुपारीएवढी. पेन त्यांना दोन बोटांत धरता येईना, मुठीतच धरलं. कार्ड डाव्या हातानं दाबून, खांद्यापासून हात हलवत त्यांनी सही केली, सावकाश, एक अक्षर न गाळता. मग कार्ड उचलून शाईवर फुंकर घातली. मुलानं विचारलं, दुखतं का. त्यांनी हात टेबलावर पालथा ठेवला आणि एकेका बोटावर टेकवत कुठलं कधी मोडलं ते सांगत गेले, वर्ष आणि गाव दोन्ही. वीस मिनिटं आम्ही तिथेच होतो. मागे कुणी नव्हतं, वाट अडत नव्हती.

माझ्या वहीत आजवरची नोंद अशी आहे. १४३ पत्रं पाठवली. १०१ सह्या आल्या, १९ पाकिटं न उघडता परत आली, २३ चं काहीच कळलं नाही. कुणाच्या घरी मी कधी गेलो नाही. पत्ता मिळाला म्हणजे दार वाजवायचा हक्क मिळत नाही. दुसऱ्यांदा पत्रही लिहीत नाही. एकच अपवाद अर्स्किन, त्यांना दर नाताळला भेटकार्ड पाठवायचो, सही न मागता. १६ एप्रिल २०२४ ला ते गेले, ९७ वर्षांचे होऊन.

गेल्या ऑक्टोबरात एक पाकीट आलं. दोनच हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळलेले एक आउटफील्डर, त्यांना मी उन्हाळ्यात लिहिलं होतं. आत कार्ड कोरंच होतं. सोबत त्यांच्या मुलीची चिठ्ठी: वडील ऑगस्टमध्ये गेले, तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं, सही करायचीच होती पण हात चालत नव्हता. आणि कागदाच्या घडीत एक जुना, वठलेला चेक. १९७४ चा, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाला दिलेला, अकरा डॉलर चाळीस सेंट, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'खिळे, रंग'. मुलीनं लिहिलं होतं की सही म्हणून हा चालेल का बघा, घरात खोकंभर आहेत.

मी चेक टेबलावर पसरला आणि कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं. छापील सहीत आडनावाच्या शेवटच्या अक्षराचं शेपूट उलटं वर येऊन पहिल्या नावाला टेकतं. चेकवरही ते तसंच वर आलेलं होतं. मुलगा सुट्टीला घरी आला होता. त्यानं मोठ्या मापाचं पाकीट शोधून काढलं, चेकची घडी मूळ रेघेवरच घातली आणि दोन्ही एकत्र आत सरकवलं.