शंभराचे नव्वद करून मिळतील का?

मे २०२४ मधली गोष्ट. टेबलापलीकडे बसलेल्या गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारलं, "माझं अपंगत्व शंभर टक्क्यांवरून नव्वदवर आणायचं असेल, तर अर्ज कुठे करायचा?"

लॉस एंजेलिस परिसरात माजी सैनिकांना भाड्याचं घर मिळवून देणाऱ्या एका सामाजिक संस्थेत मी काम करते. अपंगत्वाची टक्केवारी वाढवून मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरणारे पुष्कळ पाहिलेत. कमी करून मागणारे हे पहिलेच.

ते पन्नाशीतले. २००४ साली इराकमध्ये त्यांच्या गाडीखाली स्फोट झाला. एका कानाने ऐकू येत नाही, गुडघा वाकत नाही आणि रात्रीची झोप तेव्हापासून गेली ती गेलीच. दीड वर्षापासून ते स्वतःच्या गाडीत राहत होते. त्यांच्या हातात स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाचं पत्र होतं : उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने व्हाउचर नामंजूर.

हे व्हाउचर 'हड-व्हॅश' योजनेचं. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं भाड्यासाठी पैसे देतं आणि माजी सैनिकांचं खातं सोबतीला केसवर्कर, म्हणजे मदतीला एक कार्यकर्ता देतं. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, वरचं भाडं सरकार थेट घरमालकाला देतं. २००८ पासून संसद यासाठी जवळजवळ दरवर्षी पैसे देत आली आहे आणि आजवर लाखाहून जास्त व्हाउचर निघाली आहेत. २०१० च्या मोजणीत देशात ७४ हजारांच्या आसपास माजी सैनिक बेघर होते, जानेवारी २०२४ मध्ये ३२,८८२. ही घट होण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे, असं मी रोजच्या कामावरून सांगते. योजना चांगली आहे म्हणूनच ते पत्र वाचताना माझा संताप झाला.

त्यांनी एक पाकीट उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर पेन्सिलीने हिशेब केलेला होता. शंभर टक्के अपंगत्वाची भरपाई महिना ३,७३७ डॉलर, सोशल सिक्युरिटी या सरकारी विम्याचे ११५०. वर्षाचे झाले ५८ हजारांवर. एकट्या माणसासाठी मर्यादा साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार. खाली दुसरी ओळ : नव्वद टक्के झाले तर भरपाई २,२४१. सोशल सिक्युरिटी धरून वर्षाचे चाळीस हजार सातशेच्या आत. त्या आकड्याभोवती त्यांनी दोनदा गोल काढला होता.

हिशेब बिनचूक होता, आणि मला तेच सोसवेना. नव्वद आणि शंभर यांच्यात महिन्याला जवळजवळ पंधराशे डॉलरचा फरक होता. छप्पर मिळावं म्हणून हा माणूस आयुष्यभर तेवढ्यावर पाणी सोडायला निघाला होता.

कुणी म्हणेल, महिना पावणेपाच हजारांच्या वर येतात, मग घर का मिळत नाही? इथले बरेच घरमालक भाड्याच्या तिप्पट उत्पन्न मागतात. दोन हजारांच्या घरासाठी सहा हजार दाखवायचे. त्यात यांच्या नावावर जुनं कर्ज, आणि एकदा घरातून काढल्याची नोंद. बाजारात हे गरीब ठरत आणि सरकारदरबारी श्रीमंत.

मी अर्ज दिला नाही. "दोन महिने थांबा" म्हणाले. थांबा म्हणायला माझ्याकडे ठोस आधार नव्हता. फक्त भरपाईला कमाई धरू नये यासाठी ठिकठिकाणी आवाज उठतो आहे, एवढं माहीत होतं. त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, सगळ्यात वर लष्करातून सुटल्याचा दाखला, आणि पिशवी शर्टाच्या आत घातली. गाडीची काच फुटली तरी हे जायला नको, म्हणाले.

दोन नाही, तीन महिने गेले. ऑगस्टमध्ये गृहनिर्माण खात्याची सूचना निघाली : हड-व्हॅशची पात्रता ठरवताना सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात धरायची नाही. भाड्यातला वाटा काढताना मात्र ती धरायची. मला हे रास्त वाटतं. पैसे येतात तर भाड्यात घालावेत, पण त्या पैशांनी दार बंद होऊ नये. त्यांना फोन केला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे शंभर राहू दे?"

"राहू दे."

व्हाउचर मिळालं तरी घर आपलं आपणच शोधायचं, त्यासाठी निदान १२० दिवसांची मुदत असते. कॅलिफोर्नियात केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारणं २०२० पासून बेकायदा आहे. तरीही 'व्हाउचर' शब्द उच्चारल्याबरोबर "जागा गेली" ऐकू यायचं. शेवटी एक घरमालक तयार झाले. प्राधिकरणाच्या पहिल्या तपासणीत धुराचा अलार्म वाजेना, म्हणून जागा नापास. घरमालकांनी त्याच संध्याकाळी नवा बसवला. अनामत रक्कम व्हाउचरमधून मिळत नाही, ती माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या दुसऱ्या सरकारी योजनेतून भरली.

किल्ली मिळाली त्या दिवशी मी सोबत होते. खोली रिकामी, स्वयंपाकघरात एकच ड्रॉवर. त्यांनी शर्टातून पिशवी काढली, ड्रॉवरमध्ये ठेवली, बंद केला. मग खिडकीशी जाऊन खाली उभी असलेली गाडी बघत राहिले.

त्यांची फाइल मी आमच्या कपाटात ठेवली. माझ्या टेबलावर आता एका महिला माजी सैनिकाची फाइल आहे. तिला हवी असलेली इमारत, स्वस्त घरं बांधणाऱ्यांना मिळणाऱ्या करसवलतीच्या पैशातून उभी राहिली आहे. तिथल्या मर्यादेचे नियम वेगळ्या खात्याचे, आणि ऑगस्टच्या सूचनेने ते बदलले नाहीत. तिथे भरपाई उत्पन्नातच धरतात. परवा आम्ही दोघींनी बेरीज केली. ती मर्यादेच्या चारशे डॉलर वर जाते.